जमीन कुणाला झेलते

नीलपर्ण वसाहतीच्या बागेत मूल पडल्याचा आवाज येत नसे. धावता धावता ते अडखळायचं, हात पसरून पुढे जायचं, आणि जिथे धप्प व्हायला हवं तिथे हिरवळ पाण्यासारखी खोल जायची, मुलाला पोटाशी घ्यायची आणि क्षणभराने अलगद वर आणून सोडायची. मूल पुन्हा धावू लागायचं. कधी एखादी आजी उठून जमिनीला लाडाने तीन चापट्या मारून यायची; बाकांवरच्या गप्पा थांबत नसत.

घाटमाथ्यावरची ही वसाहत आधी कागदावर आखली गेली आणि मग बांधली गेली. घरं किती, झाडं किती, कुठल्या झाडाची सावली कुठल्या बाकावर किती वाजता पडेल, हेही ठरलेलं होतं. पोहण्याचा तलाव होता, सायकलींसाठी वेगळा रस्ता होता, बकुळीची राई होती. पण लांबून लोक इथे राहायला येत ते मधल्या तीन एकरांच्या मैदानासाठी. त्याचं कागदोपत्री नाव झेलभूमी. मुलं नुसतं ‘झेल’ म्हणत. ‘आई, झेलवर जाऊ?’ हा प्रश्न संध्याकाळी चार वाजता घरोघर ऐकू येई.

केतकी सबनीस इथे आल्या त्या नातीसाठी. मिहिकाची हाडं जन्मापासून खडूसारखी ठिसूळ होती. पहिलं हाड मोडलं ते कुशीवर वळताना. सहा वर्षांची होईपर्यंत नऊ वेळा प्लास्टर झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘हाडावर भार पडला तरच हाड भरतं. तिने रोज धावलं पाहिजे, पण पडता कामा नये.’ मिहिकाच्या आईने तेव्हा विचारलं होतं, ‘अशी जागा पृथ्वीवर कुठे आहे?’ ती जागा ही होती. इथे येऊन दोन वर्षं झाली होती आणि प्लास्टर एकदाही झालं नव्हतं. आठ वर्षांची मिहिका आता इतर मुलांच्या बरोबरीने धावत होती.

त्या मंगळवारी मुलं साखळीचा खेळ खेळत होती. मिहिकाच्या हातात गौतमीचा हात होता. गौतमीची आई भाग्यश्री वसाहतीच्या बागकामावर होती. कामावरच्या बायकांची मुलं संध्याकाळी चार ते सहा मैदानावर खेळली तर चालतील, असा समितीने आपणहून नियम केला होता आणि त्याचा सगळ्यांना थोडा अभिमानही होता. सव्वीस मुलं येत. गौतमी त्यांतली सगळ्यात चपळ.

समोरचा मुलगा एकदम वळला, साखळीला झटका बसला आणि दोघी एकाच वेळी, हातात हात धरून, पालथ्या पडल्या.

धप्प.

बाकांवरच्या सगळ्या माना वळल्या. एवढा मोठा आवाज इथे कित्येक वर्षांत झाला नव्हता. केतकीबाई धावत गेल्या. मिहिकाला उठवून त्यांनी तिची मनगटं, कोपरं, गुडघे चाचपले. जुनी सवय ती.

“मला नाही गं आजी,” मिहिका त्यांचा हात झटकत म्हणाली. “तिला. तिचं हाड मोडलंय.”

गौतमी उठून बसली होती. तिचा डावा हात मनगटापाशी चमच्यासारखा वाकला होता. ती रडत नव्हती, नुसती त्या हाताकडे बघत होती. मिहिकाला मोडलेलं हाड लगेच ओळखता येई. दोघींच्या पडण्यात वीतभराचंही अंतर नव्हतं.

*

झेलभूमी ज्याने बनवली तो निनाद कोलते वसाहतीतच राहायचा. केतकीबाईंनी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीची मुलं शिकवली होती आणि निनाद त्यांतलाच एक होता. आता त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते, पण बाईंसमोर तो अजून खुर्चीच्या कडेवर बसायचा.

“मशीन बिघडलं असेल तर तसं सांग,” बाई म्हणाल्या. “पण एक पोर वाचतं आणि त्याचा हात धरलेलं दुसरं मोडतं, हा कसला बिघाड?”

“बिघाड नाही सापडला बाई. तीच तर अडचण आहे.”

“मला समजेल असं सांग. दुसरीतल्या मुलाला सांगतोस असं समज.”

निनाद उठला आणि स्वयंपाकघरातून तांदळाची एक पिशवी घेऊन आला. हवा काढून बंद केलेली, विटेसारखी टणक. त्याने ती टेबलावर आपटली. टक्क आवाज झाला. मग त्याने कात्रीने तिचं टोक कापलं. फुस्स झालं आणि ती वीट बघता बघता ढेपाळली. बोट लावलं की आत जाऊ लागलं.

“तांदूळ तेच. फक्त हवा आत गेली,” तो म्हणाला. “हवा काढली की दाणे एकमेकांना घट्ट धरून बसतात. हवा सोडली की मोकळे होतात. आपल्या मैदानात वर चार बोटं माती आणि हिरवळ आहे, खाली अशा लाखो पिशव्या. मूल पडायला लागल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात नेमक्या तिथल्या पिशव्यांत हवा भरायची.”

“मग भर ना सगळ्यांसाठी.”

“सगळ्यांसाठी, सगळीकडे भरली तर तो चिखल होईल. कुणाला धावता येणार नाही. म्हणून जमीन काटकसर करते. नवीन मूल आलं की सुरुवातीला ती त्याला पूर्ण झेलते. मग पुढच्या वेळी किंचित कमी मऊ होते. त्याच्या पुढच्या वेळी आणखी किंचित कमी. कुठपर्यंत चालतंय ते बघते. पावलांच्या ठेक्यावरून प्रत्येक मूल तिला ओळखू येतं, त्यामुळे प्रत्येकाचं माप वेगळं.”

“आणि चालत नाहीये हे तिला कोण सांगतं?”

“तुम्ही सांगता, बाई.”

“मी?”

“तुम्ही, सगळे आजी-आजोबा, आया. मूल पडलं की आपण काय करतो? जमिनीला चापट्या मारतो. ‘हात गं जमिनी, आमच्या सोन्याला पाडतेस?’ मी पहिलीत असताना दगडी ओट्यावरून पडलो होतो. तुम्ही मला मांडीवर घेतलं आणि ओट्याला असे तीन फटके दिलेत. मला अजून आठवतं. ओट्याची चूक आहे, माझी नाही, हे ऐकून किती बरं वाटलं होतं मला. झेलभूमी करताना प्रश्न आला, की जमिनीला तिची चूक कळवायची कशी? बटणं, यंत्रं सगळं सुचवून झालं. मी म्हटलं, आपल्याकडे आहे की पद्धत. पडलेल्या मुलाजवळ कुणी तळहाताने तीन फटके मारले, की जमीन समजते, आपलं चुकलं, या मुलासाठी पुन्हा मऊ व्हायला हवं. आम्ही त्याला चापट-खूण म्हणतो. कुणाला काही शिकवावं लागलं नाही. लोक आपोआप करतात.”

“आणि चापट पडली नाही तर?”

“तर जमीन समजते, या मुलाला एवढं कडक चालतं.”

केतकीबाईंनी तांदळाच्या पिशवीवरचा हात काढून घेतला.

निनादने भिंतीवरच्या पडद्यावर नोंदी दाखवल्या. वसाहतीतली चारशेबारा मुलं. त्यांच्या नावांपुढे हिरव्या ठिपक्यांच्या रांगा, प्रत्येक ठिपका म्हणजे एक चापट-खूण. मिहिकाच्या नावापुढे तर ठिपक्यांचा गालिचाच होता. त्याखाली सव्वीस नावं होती. त्यांच्यापुढे काही नव्हतं.

“गौतमी तीन वर्षं येतेय,” निनाद म्हणाला. “पहिल्या वर्षी जमीन तिला अगदी मिहिकासारखी झेलत होती. मग हळूहळू कमी. या तीन वर्षांत ती दोनशे चौदा वेळा पडली.”

“आणि एकदाही...”

“एकदाही नाही. या सव्वीसांतल्या कुणासाठीच नाही. त्यांच्या आया तेव्हा कामावर असतात ना.”

केतकीबाईंना एक संध्याकाळ आठवली. मग दुसरी. मग अशा कितीतरी. गौतमी पडली होती आणि आपण बाकावरूनच म्हणालो होतो, ‘ऊठ गं, काही नाही झालं. घट्ट आहेस तू.’ कौतुकानेच म्हणालो होतो. गौतमीही हसून उठली होती. शाळेत असताना कुणाचंही पोर पडो, त्या हातातला खडू टाकून धावत. तिथे त्या बाई होत्या. इथे त्या मिहिकाची आजी होऊन आल्या होत्या, आणि दोन्हींत एवढा फरक असेल हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

“आता काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“तीन गोष्टी होऊ शकतात. एक, मी समितीला कळवतो. ते काय करतील तुम्हाला माहीत आहे.”

“त्या सव्वीसांना फाटक बंद.”

“सगळ्यात सोपा उपाय. कुणाला वाईटही वाटणार नाही, मुलांच्या सुरक्षिततेसाठीच म्हणतील. दोन, जमिनीची सगळी स्मृती पुसायची. विणलेल्या स्वेटरसारखी आहे ती, एकट्या गौतमीचा धागा ओढून काढता येत नाही. सगळं उसवायचं आणि मैदान सहा महिने बंद ठेवून, वाळूची पोती पाडून पाडून तिला पहिल्यापासून शिकवायचं. मग सगळी मुलं पुन्हा सारखी. ते माझ्या हातात आहे. कुणाला विचारावं लागत नाही, देखभालीसाठी बंद असा फलक लावला की झालं.”

“सहा महिने.”

“हो.” निनादने खाली पाहिलं. “तुमच्या मनात काय आलं ते कळतंय मला. म्हणून तर आधी तुम्हाला सांगतोय.”

सहा महिने मिहिका घरात. डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात बजावलं होतं, की या वयात धावणं सुटलं तर आतापर्यंत भरलेलं हाड महिन्या-दोन महिन्यांत विरघळू लागेल आणि मग ती पुन्हा उभी राहील याची खात्री नाही.

“आणि तिसरी गोष्ट?”

“जमिनीला गौतमी पुन्हा शिकवायची. ती पडली की चापट-खूण द्यायची. पण जमीन चुकीतूनच शिकते. पोर खरोखर आदळायला हवं. मुद्दाम टेकलेलं तिला कळतं, ते ती हिशोबात धरत नाही. गुडघ्यांना गाद्या बांधून चालणार नाही.”

“किती वेळा?”

“तीस. फार तर पस्तीस.”

केतकीबाईंनी त्या उघड्या पिशवीचं तोंड दुमडलं. टेबलावर चार दाणे सांडले होते. निनाद खुर्चीच्या कडेवर बसून होता. पहिलीतही तो असाच वाट बघत बसायचा, बाई काय म्हणतात त्याची.

“शिकवू या,” त्या शेवटी म्हणाल्या. “शिकवणं मला येतं.”

*

गौतमीचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. केतकीबाई भाग्यश्रीला भेटायला रोपवाटिकेत गेल्या. ती वाफ्यात बसून शेवंतीची रोपं काढत होती.

“बसा बाई. गोणपाट टाकू का? चिखल आहे.”

“असू दे गं.” केतकीबाई विटांच्या कडेवर बसल्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. तांदळाची पिशवी, पावलांचा ठेका, चापट-खूण. आपण कुणी तुझ्या पोरीसाठी हात उचलला नाही हेही सांगितलं. फाटक बंद होऊ शकतं हे सांगितलं. स्मृती पुसण्याची गोष्ट तोंडाशी आली तेव्हा भाग्यश्रीने मध्येच विचारलं, “म्हंजे जमिनीला बी कळतं म्हणा, कोन कुणाचं ते,” आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

“कळत नाही,” केतकीबाई म्हणाल्या. “आपणच शिकवलं.”

“आपण कुठलं बाई. आम्ही तर इकडं वाफ्यात.” ती हसली. मग तिने हातातलं रोप खाली ठेवलं. “पस्तीस येळा पडायचं?”

“मी रोज असेन तिथे. एका दिवशी तीन-चारच्या वर नाही. मनगटाला पट्टा बांधू, तेवढं चालतं.”

“माझी पोरगी हाय काटक. पडंल.” भाग्यश्रीने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. “फाटक बंद झालं तर दोन तास कुठं ठिवू तिला मी? तुम्ही येवढं करताय, आमचं कोण करतं येवढं?”

केतकीबाई उठल्या. साडीला लागलेला चिखल त्यांनी झटकला नाही.

*

खेळ आंधळ्या कोशिंबिरीचा ठरला. गौतमीच्या डोळ्यांवर पंचा बांधायचा आणि तिने आवाजाच्या दिशेने धावायचं. वाटेत निनाद वाळूच्या लहान पिशव्या ठेवायचा, रोज नव्या जागी. पाय अडकला की ती खरीखुरी पडायची. केतकीबाई तिच्याजवळ पोचायच्या आणि तीन फटके मारायच्या. तळहात दुखायचा, कारण तिथली जमीन फरशीसारखी कडक असायची.

पहिल्या दिवशी गुडघे सोलवटले. तिसऱ्या दिवशी ओठ फुटला. मिहिकाने त्या दिवशी आजीचा पदर ओढला.

“तिला पाडू नकोस ना.”

“जमिनीला शिकवतोय आपण, राणी.”

“मला शिकवताना मी पडले होते?”

“नाही. तुला ती आधीपासूनच झेलत होती.”

“मग तिला का नाही?” मिहिकाने विचारलं. तिच्या आवाजात चिडचिड नव्हती. ती खरंच विचारत होती. केतकीबाईंनी आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती, ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ हेही उत्तर दिलं होतं. या वेळी त्या म्हणाल्या, “जा, खेळ जा,” आणि मिहिका हिरवळीवरून धावत गेली. वाटेत ती अडखळली, तिच्याखालची जमीन निमूटपणे मऊ झाली आणि तिला वर देऊन पुन्हा सपाट झाली.

गौतमीला मात्र या सगळ्याची मजाच वाटत होती. “आज चार झाले ना, आजी? उद्या मोठी पिशवी ठेवा, या लहान पिशव्या मला पायाला कळतात,” ती म्हणायची. आपल्याला जमिनीची बाई केलंय, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

तेविसाव्या वेळी आवाज बदलला. धप्पच्या जागी धुप्प. एकोणतिसाव्या वेळी तिच्या तळहाताखाली हिरवळ दोन बोटं खचली. बत्तिसाव्या वेळी गौतमी पडली आणि आवाजच आला नाही. ती डोळ्यांवरचा पंचा वर सरकवून तशीच पालथी पडून राहिली आणि जमिनीत कोपरं खुपसून बघू लागली.

“शिकली की ही,” ती म्हणाली.

निनादने हातातल्या डिजिटल पाटीवर नोंद पाहिली आणि मान डोलावली. केतकीबाईंना वाटलं, संपलं. त्यांचा उजवा तळहात सुजून लाल झाला होता. त्या बाकावर बसायला वळल्या, तेवढ्यात फाटकातून भाग्यश्री येताना दिसली. तिच्यामागे आणखी बायका होत्या. कुणाच्या हातात खुरपं तसंच होतं, कुणी धुण्याभांड्याचं काम मध्येच सोडून आलेली. प्रत्येकीने पोराचा हात धरला होता. पंचवीस मुलं. कुणाच्या खांद्यावर पंचा, कुणाच्या हातात आईची जुनी ओढणी, घडी घातलेली.

“मी सगळ्यांना सांगितलं बाई,” भाग्यश्री म्हणाली. “पयल्यांदा घाबरत होत्या. मी म्हटलं, माझ्या पोरीचं बघा. बाई सोता जवळ असतात. आमच्या सगळ्यांची शिकवून टाका.”

मुलांनी मोठ्यांनी न सांगता रांग केली. शाळेची सवय. रांगेत सगळ्यात पुढे चार वर्षांची एक मुलगी होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर जुन्या खपल्या होत्या. तिने स्वतःच ओढणी पुढे केली.

“ही परी,” तिची आई म्हणाली. तिने आधी केतकीबाईंकडे, मग निनादकडे पाहिलं. शिकलेल्या माणसांना विचारायचं धाडस तिने गोळा केलेलं दिसत होतं. “लई बारीक हाय ही. तिला पण पस्तीस येळा लागंल? म्हणजे, दुसरं काही नाही ना करण्यासारखं? असलं तर सांगा.”

निनादने मान खाली घातली आणि पाटीवरची काहीतरी नोंद पुन्हा वाचू लागला. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला मिहिका धावत होती. तिची सावली बकुळीच्या सावलीत शिरत होती आणि बाहेर येत होती.

“नाही,” केतकीबाई म्हणाल्या. “दुसरं काही नाही.”

मग त्या परीसमोर उकिडव्या बसल्या, ओढणी तिच्या डोळ्यांवरून मागे नेली आणि गाठ मारली. फार घट्ट तर झाली नाही ना, हे त्यांनी कानामागे बोट घालून पाहिलं.